तस्का : एका रशियन शब्दाची ओळख

श्रोतेहो, आज मी आपल्याशी एकाच शब्दाविषयी बोलणार आहे. हा शब्द आहे रशियन भाषेतला. लिहिताना तो ‘तोस्का’ असा लिहितात. पण रशियन माणूस बोलताना ‘तस्का’ असा उच्चार करतो आणि शेवटच्या ‘का’वर जोर देतो. त्या भाषेत ज्या ‘ओ’वर जोर नसतो तो ‘अ’सारखा ऐकू येतो, म्हणून हा फरक. शब्द स्त्रीलिंगी आहे. तेव्हा आपणही ‘ती तस्का’ असेच म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, “अहो, आम्ही जालना जिल्ह्यातली माणसं. सकाळी उठून मोसंबीला पाणी द्यायचं, कापूस वेचायचा, शाळेची घंटा वाजवायची. आम्हाला या रशियन शब्दाचं काय करायचं?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मी आधीच देऊन ठेवतो. परका शब्द नीट समजून घ्यायला बसले की आपल्याच भाषेतले दहा शब्द जवळ येऊन उभे राहतात. रोज वापरतो, पण त्यांच्याकडे कधी निरखून पाहिलेले नसते, असे ते शब्द. तस्का समजून घेता घेता आज आपण ‘हुरहूर’, ‘रुखरुख’, ‘झुरणी’ आणि ‘करमत नाही’ यांच्याकडेच पाहणार आहोत. आणि हे शब्द नुसते कोशातले नाहीत. एखाद्या घरात माणूस बोलेनासा होतो तेव्हा यांपैकीच एखादा शब्द त्याच्या तोंडून निसटतो. तो ज्याला ऐकू येतो, त्याला वेळेवर काही करता येते.

प्रथम तस्काचा अर्थ पाहू. कोशात पाहिले तर दुःख, खिन्नता, तळमळ, ओढ, कंटाळा असे पाच-सहा अर्थ एकापुढे एक दिलेले सापडतात. व्लादिमीर दाल नावाच्या गृहस्थांनी १८६३ ते १८६६ या काळात रशियन भाषेचा मोठा कोश प्रसिद्ध केला. ते खेडोपाडी हिंडत, शेतकऱ्यांच्या, शिपायांच्या, कारागिरांच्या तोंडचे शब्द टिपून घेत. त्यांच्याही कोशात या एका शब्दापाशी मनाचा कोंडमारा, जिवाची तळमळ, चिंता, कंटाळा, काळजाचे दुखणे असा सगळा मेळावा जमलेला आहे. पुढे १९६४ साली व्लादिमीर नाबोकोव्ह या लेखकाने पुश्किनच्या ‘येव्गेनी अन्येगिन’ या काव्यकादंबरीचा इंग्रजी अनुवाद टीपांसह प्रसिद्ध केला. या शब्दाच्या साऱ्या छटा सामावून घेणारा एकही शब्द इंग्रजीत नाही, असे त्याने तिथे सांगून टाकले. आन्ना व्येझ्बित्स्का या पोलिश जन्माच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तर १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात रशियन मन उघडण्याच्या तीन किल्ल्या सांगितल्या : ‘दुशा’ म्हणजे आत्मा, ‘सुद्बा’ म्हणजे नशीब, आणि तिसरी ही तस्का.

शब्दाच्या मुळाकडे गेलो तर आपल्या ओळखीचे कोणीतरी भेटते. व्युत्पत्तीचे अभ्यासक तस्काचे नाते ‘रिकामा, पोकळ’ अशा अर्थाच्या एका जुन्या स्लाव्ह शब्दाशी जोडतात, आणि त्या शब्दाचे नाते संस्कृतातल्या ‘तुच्छ’ शब्दाशी. आज आपण ‘तुच्छ’ म्हणजे हलका, कमी प्रतीचा असे समजतो. पण त्याचा जुना अर्थ ‘रिकामा’ असा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १२९ व्या सूक्तात, ज्याला आपण नासदीय सूक्त म्हणतो, सृष्टीच्या आधीच्या पोकळीसाठी याच घराण्यातला शब्द आला आहे. म्हणजे तस्काच्या पोटात मूळची एक पोकळी आहे. दुःख म्हटले की काहीतरी बोचते आहे, सलते आहे, असे चित्र उभे राहते. तस्कात बोचणारे काही नसते. जिथे काहीतरी असायला हवे होते तिथे ते नसते. पोळ्याच्या दिवशी रिकाम्या गोठ्यापुढून जाणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

आता हा शब्द वापरतात कसा, ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींनी इथे जरा कान द्यावा, कारण कोणताही शब्द एकटा समजत नाही. तो कोणाच्या सोबतीने येतो ते पाहावे लागते.

पहिला वापर असा : ‘तस्का’, त्यापुढे ‘पो’ असे एक लहानसे अव्यय, आणि मग ज्याची उणीव भासते त्याचे नाव. बोलताना हे ‘पो’ही ‘पा’ असेच ऐकू येते. रशियनमध्ये घराला ‘दोम’ म्हणतात. ‘तस्का पा दोमू’ म्हणजे घराची ओढ. हा ‘दोम’ आपल्याला परका नाही. वेदात ‘दम’ शब्द घर या अर्थाने येतो, आणि ‘दंपती’ या शब्दात तो आजही आपल्याकडे नांदतो आहे. मुलाला रशियनमध्ये ‘सिन’ म्हणतात, संस्कृतात ‘सूनु’. ‘तस्का पा सिनू’ म्हणजे मुलासाठी तुटणारा जीव. ‘रोदिना’ म्हणजे जन्मभूमी; तिच्यासाठीही तस्का असते. हल्ली आपल्याकडची मुले-मुली डॉक्टरकी शिकायला रशियात जातात. पहिल्या हिवाळ्यात, दुपारी चारलाच अंधारून येते तेव्हा, त्यांना जे होत असेल त्याला तिथले लोक हाच शब्द वापरतील.

दुसरा वापर अगदी हलका आहे. एखादे भाषण रटाळ झाले, सभेत तेच ते चालले, तर रशियन माणूस हळूच म्हणतो, ‘हिरवी तस्का!’ रंग हिरवा का, याच्या मागे आपण लागू नये. आपण ‘मरणाचा कंटाळा’ म्हणतो तेव्हा तरी तिथे कोण मरत असते? हे माझे भाषण ऐकताना तुम्हाला हिरवी तस्का येऊ नये, एवढीच माझी खटपट आहे.

तिसरा वापर सगळ्यांत जड आहे. ‘स्म्येर्तनया तस्का’, म्हणजे मरणप्राय तस्का. इथे कंटाळ्याचे नावही नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखे होते, अन्नपाणी गोड लागत नाही, आणि पुष्कळदा कारणही सांगता येत नाही. कारण सांगता येत नाही हे महत्त्वाचे आहे. तस्काला दरवेळी कारण लागतेच असे नाही.

म्हणजे एकच शब्द रटाळ सभेपासून मुलाच्या मरणापर्यंत जातो. सोबतीचे शब्द बदलतात तसे त्याचे वजन बदलते. मुलांना नुसते ‘शब्द आणि अर्थ’ अशा दोन रकान्यांत शब्द पाठ करायला लावले तर ही गोष्ट हातातून निसटते. शब्दाच्या शेजारी अर्थ लिहून झाला की निदान तीन वाक्ये लिहून घ्यावीत, हे मी अनुभवाने सांगतो.

याहून मौजेची गोष्ट व्याकरणात आहे. ‘मला करमत नाही’ असे आपण म्हणतो, ‘मी करमत नाही’ असे म्हणत नाही. ‘मला राग आला’, ‘मला रडू कोसळले’, ‘मला हुरहूर लागली’. इथे कर्ता ‘मी’ नाही. भावना कुठून तरी येते, लागते, कोसळते. मी नुसता तिच्या वाटेत उभा असतो. रशियन भाषेतही अगदी हीच रीत आहे. ‘म्न्ये’ म्हणजे ‘मला’. ‘म्न्ये तस्क्लीवा’ म्हणजे जवळजवळ शब्दशः ‘मला करमत नाही’. ‘तस्काने मला धरले’, ‘तस्काने मला खाऊन टाकले’ असेही ते म्हणतात. आपणही ‘काळजीने खाल्ले’ म्हणतोच. इंग्रजीत मात्र ‘मी दुःखी आहे’ अशी सरळ मांडणी करतात, जणू मी आणि दुःख एकच. अर्थात आपल्याकडे ‘मी झुरतो’ असे क्रियापद आहे, तसे त्यांच्याकडेही ‘या तस्कूयू’ आहे. पण रोजच्या बोलण्यातली वाट ‘मला’चीच.

यातून एक साधा व्यवहार निघतो. ज्याला करमत नाही त्याला आपण झटकन सांगतो, “मन घट्ट कर. असं रडत बसू नये.” जणू त्याने ते मुद्दाम अंगावर घेतले आहे. आपली भाषा आपल्याहून शहाणी आहे. ती सांगते, हे त्याने केलेले नाही, हे त्याला लागलेले आहे. पाऊस लागतो, ठेच लागते, तशी हुरहूर लागते. ठेच लागलेल्याला आपण रागे भरत नाही. आधी बसवतो, पाणी देतो.

असो. आता आपले मराठी शब्द एकेक करून हातात घेऊ, आणि तस्काच्या जागी कोणता बसतो ते पाहू.

‘चुटपुट’ लागते ती लहानशा गोष्टीची. एस. टी. दोन मिनिटांनी चुकली, बाजारात भाव कालच चांगला होता. ‘रुखरुख’ त्याहून खोल असते. काहीतरी करायचे होते आणि राहून गेले, याची ती टोचणी. आईला शेवटचे भेटता आले नाही, याची रुखरुख. ‘हळहळ’ ही बहुधा पाहणाऱ्याची असते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. पोरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने तोडली. रस्त्याने जाणारे हळहळले. ज्याच्या हातात कुऱ्हाड होती, त्याला जे झाले ते हळहळीत मावणारे नव्हते. ‘घोर’ लागतो तो पुढचा : मुलीच्या लग्नाचा, सावकाराच्या देण्याचा. तस्काला पुढचे काही दिसत नसते, म्हणून घोर म्हणजे तस्का नव्हे. ‘घालमेल’ होते ती निर्णयाच्या आधी, ‘तगमग’ होते ती शरीराची आणि मनाची मिळून, उन्हातल्या माशासारखी. ‘तळमळ’ अंथरुणावरची असते, तशी समाजाविषयीचीही असते. ‘खंत’ जुनी होऊन तळाशी बसलेली असते.

राहिले तीन शब्द. ‘हुरहूर’ लागते दिवेलागणीला. कारण सांगता येत नाही, पण ती फार जड नसते. ‘करमत नाही’ ही रोजची, साधी, कोणालाही सांगता येईल अशी अवस्था. आणि ‘झुरणी’ लागते तेव्हा माणूस देहानेही खंगू लागतो. माझ्या मते तस्का या तिन्ही शब्दांमधून वाहते. हुरहुरीत तिचा उगम, ‘करमत नाही’ हा तिचा मधला प्रवाह, आणि झुरणी हा तिचा डोह. रशियनने या साऱ्या वाहत्या पाण्याला एकच नाव दिले. आपण घाटाघाटावर वेगळी नावे दिली. यात कोणती भाषा श्रीमंत, हा वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना एका शब्दात पुष्कळ सुचवता येते, आपल्याला नेमके बोट ठेवता येते.

‘ही भावना फक्त आमच्याच लोकांना कळते’ असे प्रत्येक देशाचे लोक थोडे अभिमानाने म्हणत असतात. पोर्तुगीज लोकही आपल्या ‘सौदाद’ या शब्दाविषयी असेच म्हणतात. गोव्याच्या मांडो या गीतप्रकारातला विरह ऐकला म्हणजे त्या शब्दाची थोडी चव आपल्यालाही लागते. पण पोकळी सगळ्यांच्याच छातीत असते. नाव मात्र जो तो आपल्या बोलीत ठेवतो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर फार लांब जायला नको. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते जन्मले, घरचे नाव नारायण. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून ‘सावधान’ हा शब्द ऐकून ते निघून गेले, ही कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, पुढे बारा वर्षे देशाटन, आणि मग ते आईच्या भेटीला जांबला परतले, असे परंपरा सांगते. तोवर राणूबाईंची दृष्टी रडून रडून गेली होती, असेही सांगतात. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला इथे दुसरेच दाखवायचे आहे. या एका घरात तस्काची दोन्ही रूपे आहेत. आईची तस्का मुलासाठी आहे. ‘तस्का पा सिनू’. तिला नाव आहे, चेहरा आहे, वय आहे. आणि मुलाची तस्का? ‘करुणाष्टके’ वाचणाऱ्याला ती ठाऊक आहे. जे कधी डोळ्यांनी पाहिले नाही त्याच्यासाठी तो तळमळतो आहे. आपण एकीला माया म्हणतो, दुसऱ्याला भक्ती म्हणतो आणि दोन वेगळ्या खणांत ठेवतो. रशियन माणूस दोन्हींना एकच शब्द लावील. त्याचा शब्द घेऊन जांबच्या त्या घराकडे पाहिले, म्हणजे आई आणि मुलगा चोवीस वर्षे एकाच दुखण्याने आजारी होते, असे वाटू लागते.

दुसरे उदाहरण अण्णा भाऊ साठे यांचे. अण्णा भाऊ १९६१ साली रशियाला गेले आणि परत आल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला, हे पुष्कळांना माहीत आहे. पण त्यांना तस्का कळायला रशियाला जावे लागले नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांनी लिहिलेली ‘माझी मैना’ ही छक्कड आठवा. मुंबईत पोट भरायला आलेला कामगार, आणि गावाकडे राहिलेली त्याची बायको. गाणे पुढे जाते तसे ही ताटातूट नुसती नवरा-बायकोची राहत नाही. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या बेळगाव-कारवारच्या मुलखाची ती होते. माणसाची ओढ आणि भूमीची ओढ एकाच सुरात. व्याकरणाच्या पुस्तकात ‘तस्का पा रोदिन्ये’चे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

आणि आपल्या घरातल्या बायकांनी जात्यावर बसून गायिलेल्या ओव्या? हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी जाऊन अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, लेक यांच्यावाचून त्यांतली फारच थोडी पाने जातात. दिवसा ज्या बाईला तोंड उघडायची सोय नव्हती, ती पहाटे जात्याला सांगत होती. जाते काही उत्तर देत नाही, पण ते मध्येच उठूनही जात नाही.

हे जाते लक्षात ठेवा, कारण आता आपण तस्का या विषयावरच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीकडे येत आहोत. आंतोन चेखव हे पेशाने डॉक्टर आणि वृत्तीने कथाकार. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १८८६ च्या जानेवारीत, त्यांनी पीटर्सबुर्गच्या एका वर्तमानपत्रात एक छोटी गोष्ट प्रसिद्ध केली. गोष्टीचे नावच ‘तस्का’. मी ती थोडक्यात सांगतो.

इओना पोतापोव नावाचा म्हातारा गाडीवान. बर्फावरून घसरत जाणारी घोड्याची गाडी हाकून तो पोट भरतो. संध्याकाळ आहे, बर्फ पडतो आहे, म्हातारा आणि त्याची घोडी दोघेही पांढरी होऊन गाडीच्या अड्ड्यावर उभी आहेत. याच आठवड्यात त्याचा तरणाताठा मुलगा तापाने दवाखान्यात वारला. म्हाताऱ्याला ते कोणालातरी सांगायचे आहे. पहिले गिऱ्हाईक एक लष्करी अधिकारी. तो एकदा विचारतो, कशाने गेला. पण उत्तर पुरते ऐकायच्या आत रस्त्यावर आरडाओरड होते, आणि मग तो डोळे मिटून घेतो. पुढचे गिऱ्हाईक तीन टवाळ तरुण. ते म्हाताऱ्याला शिव्या देतात, मानेवर गुद्दे लगावतात. त्यांनाही तो सांगू पाहतो. एक जण म्हणतो की मरायचे तर सगळ्यांनाच आहे, आता गाडी जोरात हाक. मग तो एका घराच्या राखणदाराशी बोलायला जातो. तो त्याला हुसकावून लावतो. मुक्कामावर आल्यावर एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो. म्हातारा बोलायला लागेपर्यंत तो पांघरूण ओढून झोपून जातो. शेवटी इओना तबेल्यात घोडीजवळ जातो. दिवसभरात ओटची कमाई झालेली नाही, म्हणून ती नुसते गवत चघळते आहे. तो तिला समजावतो : तुझे शिंगरू असते आणि ते एकाएकी गेले असते, तर तुला नसते का वाईट वाटले? घोडी चघळत राहते, ऐकत राहते, धन्याच्या हातावर तिचा श्वास लागतो. आणि मग तो तिला सगळे सांगतो. इथे गोष्ट संपते.

या गोष्टीचे इंग्रजी अनुवादकांनी निरनिराळे मथळे दिले आहेत. कोणी त्याला हालअपेष्टा या अर्थाचा शब्द वापरला, कोणी काळजाचे दुखणे म्हटले, कोणी नुसते दुःख. तिन्ही अर्धेच आहेत. मराठीत आपण काय म्हणाल? ‘शोक’ म्हटले तर दशरथ राजा डोळ्यांपुढे येतो, गाडीवान येत नाही. ‘विरह’ म्हटले तर प्रियकर-प्रेयसी येतात. ‘दुःख’ म्हटले तर ते बरोबर असूनही काही सांगत नाही. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात सांगावी आणि मुलांनाच विचारावे, “या गोष्टीला तुमच्या गावच्या भाषेत काय नाव द्याल?” एखादा पोरगा सहज म्हणून जाईल, ‘जीव लागंना’. माझे मत विचाराल तर मी त्याच्याच बाजूने कौल देईन. त्यात जीव आहे, आणि तो कशातच न लागणे आहे. मघाशी सांगितलेली पोकळी ती हीच.

पण चेखवने नुसता शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही. तस्काचे आणखी एक लक्षण त्याने नेमके पकडले आहे. म्हाताऱ्याला पैसे नको आहेत, सल्ला नको आहे, ‘देवाची मर्जी’ हे वाक्यही नको आहे. त्याला क्रमाने सांगायचे आहे : पोरगा आजारी कसा पडला, मरताना काय म्हणाला, दवाखान्यातून त्याचे कपडे आणायला आपण कसे गेलो. तस्का सांगून संपत नाही, पण सांगितल्यावाचून ती वाहती होत नाही. साचलेले पाणी फोडायला कोणीतरी समोर बसावे लागते.

आपल्या खेड्यांत याची सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. कोणी गेले की लोक भेटायला जातात. बाया गळ्यात गळा घालून हेल काढतात, आणि त्या हेलात सारी हकीकत सांगितली जाते : कसा होता, काय खायचा, शेवटी काय म्हणाला. शहरी माणसाला हे विचित्र वाटते. पण इओनाला जे मिळाले नाही ते हेच. उणीव आहे ती पुरुषांच्या बाजूला. पुरुष ओसरीवर बसतात, तंबाखू मळतात, पावसापाण्याचे बोलतात आणि उठून जातात. आणि तेरावा झाला की दोघांकडेही कोणी फिरकत नाही. तस्का मात्र बहुधा तेराव्यानंतरच सुरू होते.

दुसरीही एक तस्का आपल्या जिल्ह्यात दरवर्षी येते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारी राहते, कधी लेकरू राहते. शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आणली, ती चांगली आहे. पण वसतिगृहातल्या किंवा आजीजवळ राहिलेल्या पोराला ‘मला आईची तस्का लागली आहे’ असे सांगता येत नाही. ते म्हणते, “गुरुजी, पोट दुखतंय.” रोज त्याच वेळेला दुखते. गुरुजींनी आधी पोटाचे पाहावे, हे खरेच, पण मग जवळ बसवून विचारावे, “आई कुठल्या कारखान्याला गेली रं? तिकडं काय काय असतं?” पोर बोलू लागले की पुष्कळदा पोटही राहते. शब्द मुलाजवळ नसेल तर तो त्याला आपण द्यावा. ‘तुला करमत नाही, होय ना?’ एवढे म्हटले तरी त्याला कळते की आपल्याला झाले आहे त्याला नाव आहे, आणि ते इतरांनाही होते.

मोठ्यांचेही तसेच. शेतकरी माणूस ‘मी दुःखी आहे’ असे कधी म्हणत नाही. तो म्हणतो, “झोप येईना.” “शेतात पाय वळंना.” “कशात काही राम राहिला नाही.” ही तस्काचीच मराठी वाक्ये आहेत. मराठवाड्यातल्या किती घरांनी ही वाक्ये ऐकली आणि त्यांचा अर्थ नंतर, वेळ गेल्यावर लावला, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून असे वाक्य कानावर आले तर ते जाऊ देऊ नये. उपदेश न करता बसावे. विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. त्या अधिकाऱ्यासारखे अर्ध्यावर डोळे मिटू नयेत. माणूस जगण्याविषयीच निरवानिरवीचे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये, जवळच्या दवाखान्यात न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. हा आकडा शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

श्रोतेहो, एका शब्दाची ओळख करून द्यायला निघालो आणि गोष्ट आपल्याच ओसरीवर येऊन पोचली. सोव्हिएत काळात रशियन पुस्तकांचे मराठी अनुवाद आपल्याकडे स्वस्तात मिळत. १९९१ नंतर तो ओघ आटला. तरी जुन्या वाचनालयांच्या कपाटांत चेखव, तॉलस्तॉय, गोर्की अजून सापडतात. तुमच्या गावच्या वाचनालयात असतील तर जरूर काढून वाचा. परक्या मुलखातला गाडीवान वाचताना आपल्या गल्लीतला कोणी म्हातारा आठवला, तर पुस्तक तिथेच बाजूला ठेवावे आणि आधी त्याच्याकडे जाऊन बसावे. चेखव याबद्दल रागावणार नाही.